अवांतराची जागा

अभ्यासक्रमाबाहेरच्या पुस्तकांना आपण 'अवांतर वाचन' म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असते. सभेत कुणी भलताच विषय काढला की तोच 'अवांतर' शब्द तक्रारीचा होतो. संगणकावरील सार्वजनिक चर्चेला हा पेच सुरुवातीपासून पडला आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी 'यूझनेट'ची कल्पना मांडली. युनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनी एकमेकांच्या अडचणी सोडवाव्यात, हा त्यामागचा एक हेतू. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा आणि साठलेला मजकूर पुढे सरकवायचा, अशी ही व्यवस्था. प्रोग्रॅममधल्या चुकांच्या जोडीने लवकरच पाककृती, सिनेमा, धर्म, राजकारण हेही तिच्यात शिरले.

मजकूर वाढला तशी फोनची बिले वाढली आणि ती संगणक चालवणाऱ्या संस्थांना भरावी लागत. अखेर १९८६-८७ मध्ये प्रमुख संगणकांच्या व्यवस्थापकांनी सगळ्या चर्चागटांची सात शाखांत फेरमांडणी केली. संगणकाला एक शाखा, विज्ञानाला एक, करमणुकीला एक. आणि न संपणाऱ्या वादांसाठी 'टॉक'. वरवर पाहता प्रत्येक विषयाला हक्काचे घर मिळाले. पण वेगळी काढलेली शाखा एका फटक्यात तोडताही येते. ज्या संस्थेला 'टॉक'चा खर्च नको होता, तिला ती शाखा घेणेच थांबवता येई. कुणाचे लेखन न खोडताही ते वाचकापर्यंत पोहोचू न देण्याची सोय झाली. ही मुखत्यारी न रुचलेल्या ब्रायन रीड, जॉन गिल्मोर आदींनी १९८७ मध्येच 'अल्ट' ही स्वतंत्र शाखा काढली. ती पुढे अफाट वाढली.

२००८ मध्ये 'स्टॅक ओव्हरफ्लो' सुरू झाले तेव्हा फोनबिलाची अडचण उरली नव्हती. आता टंचाई होती ती उत्तर देणाऱ्यांच्या वेळेची. तिथे विषयाबाहेरचा प्रश्न अनुभवी सदस्य मतदानाने बंद करतात आणि नियमांवरच्या वादासाठी 'मेटा' हे वेगळे दालन आहे. नवख्याला मात्र आपला प्रश्न विषयाला धरूनच आहे असे वाटत असते. सीमा त्याच्या येण्याआधीच आखली गेलेली असते.

वेळ किंवा पैसा खर्च करणाऱ्याने सीमा आखणे गैर नाही. पण ती का आखली, हे सांगण्याची आणि पलीकडची वाट दाखवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.