ओट्यावरची एलईडी पट्टी आणि घरातील जुने वायरिंग

आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत ट्यूबलाइट बहुधा पाठीमागच्या भिंतीवर असते. त्यामुळे ओट्याशी उभ्या असणाऱ्या बाईची सावली नेमकी तिच्या विळीवर आणि शेगडीवर पडते. वरच्या फळीखाली एलईडी पट्टी लावणे हा यावर स्वस्त उपाय आहे. परंतु "आमचे वायरिंग जुने, त्याला भार झेपेल का?" अशी शंका अनेक बंधू-भगिनी काढतात. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर व बँकेतील कारकून. तेव्हा उत्तर हिशेबानेच देतो.

मीटरला १० वॅट घेणारी ३ मीटर पट्टी म्हणजे ३० वॅट. चोकची जुनी ट्यूब याहून अधिक वीज घेते. २३० व्होल्टच्या बाजूला हा भार पाव अँपिअरच्याही आतच राहतो. म्हणून भाराची काळजी नको.

काळजी करायची ती ड्रायव्हरची. पट्टीला १२ किंवा २४ व्होल्टची डीसी वीज लागते आणि घरातील विजेतून ती ड्रायव्हरच तयार करून देतो. ओट्यावर हात सदैव ओले. १२ व्होल्टचा धक्का जाणवतही नाही, हे खरे. पण ड्रायव्हरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू एकमेकींपासून पूर्ण विलग असतील तरच! हलक्या मालात ही विलगता नसते किंवा नावापुरती असते. मग बारा व्होल्टच्या तारेलाही मुख्य विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून दहा-वीस रुपये वाचविण्याचा मोह टाळून आयएस १५८८५ आणि मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक छापलेला, विलग प्रकारचाच ड्रायव्हर मागावा. ३० वॅटच्या पट्टीला ४० वॅटचा घ्यावा. थेट २३० व्होल्टवर चालणारी पट्टीही बाजारात मिळते. ती ओट्याजवळ मुळीच नको.

जोडणी सोपी आहे. ट्यूबच्या पॉइंटवर बटणावरून आलेली फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा असतात. तेथूनच, चोकच्या अलीकडून, ड्रायव्हरला वीज द्यावी. पंख्याच्या रेग्युलेटरवर तो जोडू नये. धातूच्या पेटीच्या ड्रायव्हरला अर्थिंग लागते, आणि जुन्या घरांत दिव्यांच्या पॉइंटला ती तार बहुधा नसतेच. अशा घरी प्लास्टिकच्या बंद पेटीचा, दुहेरी चौकोनाची खूण असलेला ड्रायव्हर बरा.

बाहेरच्या बाजूस मात्र ३० भागिले १२, म्हणजे अडीच अँपिअर वाहतात. तार बारीक व लांब असली तर व्होल्टेज वाटेतच गळते आणि पट्टीचे टोक मंद दिसते. यासाठी ड्रायव्हर पट्टीजवळच, पण शेगडीच्या उष्णतेपासून व नळापासून दूर, हवा खेळेल असा बसवावा. पट्टी छापलेल्या खुणेवरच कापावी.

बटण बंद करूनही पट्टी मिणमिणत राहिली तर फेजऐवजी न्यूट्रलच तोडली जात असण्याची शक्यता आहे. जुन्या खोल्यांत ही चूक पुष्कळदा सापडते. तेव्हा मेन स्विच पाडून परवानाधारक वायरमनला बोलवावे आणि त्याच फेरीत बाकीचीही बटणे तपासून घ्यावीत.