छपरावरील ऊन आणि दानाचा जमाखर्च

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ तालुक्यात ‘उजेड’ नावाचे एक गाव आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे यात्रा भरते. ती कोणा देवाची नसून महात्मा गांधींची असते. पंचक्रोशीत ती गांधीबाबांची यात्रा म्हणून ओळखली जाते. धनवंताने स्वतःस संपत्तीचा मालक न समजता विश्वस्त समजावे, असे सांगणाऱ्या महात्म्याच्या नावाने जेथे माणसे जमतात, त्या परिसरातील सरकारी आरोग्य केंद्रांच्या उजेडाचा विचार व्यापारी समाजाने करावा, हे औचित्याचेच होय.

मराठवाड्यातील ग्रामीण भागात वीजपुरवठ्याचा खंड नवा नाही. घरात वीज गेली तर गैरसोय होते. प्रसूतिगृहात गेली तर दोन जीव टांगणीला लागतात. नवजात बालकाला ऊब देणारे यंत्र, प्राणवायूची उपकरणे, रक्त तपासण्याची साधने, पाणी वर चढविणारा पंप, ही सारी विजेवर चालतात. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. ती साखळी तुटली तर बाटली तशीच दिसते, परंतु तिच्यातील गुण नाहीसा होतो. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. म्हणजे एका केंद्राचा दिवा विझला की तेवढ्या लोकांचा आधार डळमळतो.

पुरवठा खंडित झाल्यावर आजवरचा उपाय म्हणजे डिझेलचे जनित्र. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कर्बवायू हवेत जातो आणि लहान जनित्रातून त्या बदल्यात साधारण तीन युनिट वीज मिळते. खर्चाच्या दृष्टीनेही हा व्यवहार महागडा आणि धुराच्या दृष्टीने तर रुग्णालयाच्या दारातच रोगाला निमंत्रण देणारा.

या धुराचा हिशेब आता जगभर मांडला जात आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगातील एकूण कर्ब उत्सर्जनापैकी सुमारे ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा आहे. रोग बरा करणारी व्यवस्थाच हवा बिघडवून नव्या रोगांना हातभार लावते, हा विरोधाभास लक्षात आल्यावर इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०२० मध्ये संकल्प केला, की २०४० पर्यंत स्वतःच्या थेट कारभारातील निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे. भूल देण्यासाठी वापरला जाणारा डेसफ्लुरेन हा वायू कर्बवायूपेक्षा सुमारे अडीच हजार पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून तेथे त्याचा वापर जवळजवळ बंद करण्यात आला. भारतातही २०१९ पासून हवामान बदल व मानवी आरोग्य यांविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे आणि हरित आरोग्य संस्थांसाठी केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. इंग्लंडच्या प्रचंड रुग्णालयांचे ठीक आहे. तालुक्यातील चार खोल्यांच्या केंद्राने असा किती कर्ब सोडला असेल, की त्याने तो कमी करण्याची चिंता वाहावी? प्रश्न रास्त आहे. ग्रामीण केंद्राचा दोष अत्यल्प असतो, त्याची उणीव मात्र मोठी असते. परंतु येथे कर्ब वाचविण्याचा मार्ग आणि सेवा सुधारण्याचा मार्ग एकच आहे, आणि हीच या विषयातील लाभाची बाजू होय.

याचा पुरावा शेजारच्या छत्तीसगडने दिला. तेथील अक्षय ऊर्जा विकास अभिकरणाने शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या छपरांवर बॅटरीसह सौर संच बसविले. २०१७ मध्ये दिल्लीच्या एका अभ्याससंस्थेने सौर संच असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांची तुलना केली. संच असलेल्या केंद्रांत येणारे रुग्ण पन्नास टक्क्यांहून अधिक होते आणि दरमहा होणाऱ्या प्रसूती जवळजवळ दुप्पट. यात इतर कारणांचाही भाग असू शकतो. तरीही रात्री दिवा हमखास लागतो, हे ठाऊक असलेल्या केंद्राकडे गरोदर माता निर्धास्तपणे येते, हे समजण्यास फार मोठा अभ्यास नको.

आता व्यापाऱ्याला रुचेल असा हिशेब पाहावा. मराठवाड्यात उन्हाची ददात नाही. एक किलोवॅटचा संच साधारण शंभर चौरस फूट जागा घेतो आणि दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. पाच किलोवॅटच्या संचातून रोज २० युनिट, म्हणजे ३०० स्वच्छ दिवसांत ६,००० युनिट मिळतात. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलो कर्बवायू सुटतो, असे धरले तर वर्षाला सुमारे ४.२ टन उत्सर्जन टळते.

जमेची बाजू अशी स्वच्छ असली, तरी खर्चाच्या बाजूस एक रक्कम बहुधा लिहिलीच जात नाही. सौर पट्ट्या पंचवीस वर्षे टिकतात. साध्या बॅटऱ्या पाच वर्षांच्या आसपास थकतात. पट्ट्यांच्या एका आयुष्यात बॅटऱ्या चार वेळा बदलाव्या लागतात. दान देणारा पहिल्या दिवशी समारंभाने संच देतो, संगमरवरी पाटी बसते, छायाचित्र छापून येते. सहाव्या वर्षी बॅटरी मरते तेव्हा तिच्यासाठी पैसा कोणत्या खात्यातून यावा, हे कोणीच ठरविलेले नसते. अनेक सार्वजनिक ठिकाणी पाटी चकाकते आणि तिच्याखालची वस्तू धूळ खात पडते, ती यामुळेच. आपल्या दुकानातील यंत्रावर घसारा धरल्यावाचून ताळेबंद न करणारा माणूस दान देताना घसारा विसरतो, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

उपाय कठीण नाही. समजा, बॅटरी संचाची किंमत दीड लाख रुपये आहे. पाच वर्षांत ती रक्कम उभी करावयाची तर वर्षाला तीस हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार रुपये बाजूला टाकावे लागतील. दहा कुटुंबांनी मिळून हा भार घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला अडीचशे रुपये येतात. सरकारी आरोग्य संस्थांमध्ये रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याशी लेखी ठरवून संचासोबतच देखभालीची मुदत ठेव निर्माण करावी, वार्षिक देखभालीचा करार करावा आणि पट्ट्या पुसण्यापासून बॅटरी तपासण्यापर्यंतची जबाबदारी नावानिशी नेमून द्यावी. छत्तीसगडमधील यशाचे रहस्यही बसविण्यापेक्षा सांभाळण्यात अधिक आहे.

विजेची बचत हीदेखील मिळकतच होय. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, नव्या धाटणीचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे अर्ध्या युनिटाहून अधिक वीज वाचते. छताला पांढरा लेप दिला तर उन्हाळ्यात खोल्या कमी तापतात. एखाद्या कुटुंबाला वातानुकूलन यंत्र भेट द्यावेसे वाटले, तर आधी हे दोन उपाय झाले आहेत का, एवढे पाहावे.

कचऱ्याचेही असेच आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांत वर्गवारी करावी लागते. पिवळ्या पिशवीतील बराचसा कचरा जाळला जातो. तिच्यात जेवणाचे कागद आणि फळांच्या साली पडल्या, तर विनाकारण तेही जळते. तेथे पैशापेक्षा सवयीची गरज अधिक आहे.

पाण्याबाबत लातूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस अद्याप स्मरणात आहेत. ज्या केंद्राच्या छपरावरचे पावसाचे पाणी विंधन विहिरीत मुरते, त्या केंद्राची टँकरवरील भिस्त तेवढी कमी होते. अंतराचेही तसेच. २०१९ मध्ये आरंभलेल्या ई-संजीवनी सेवेने फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. किरकोळ सल्ल्यासाठी लातूरला होणारी एक फेरी टळली तर इंधन वाचते, रुग्णाची मजुरीही बुडत नाही. मात्र त्यासाठी केंद्रातील वीज व संगणक चालू असावा लागतो, म्हणजे गाडी पुन्हा बॅटरीपाशीच येते.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांची परंपरा समाजाला परिचित आहे. पाणी गाळून व मोजून वापरणे, अग्नी आणि वायू यांतील सूक्ष्म जीवांचाही विचार करणे, हे संस्कार घराघरांत आहेत. सरकारी दवाखान्याच्या छपरावर उन्हापासून वीज निर्माण झाली की औषधदान टिकते आणि धुराने होणारी हिंसाही घटते. त्यासाठी नव्या तत्त्वज्ञानाची जरुरी नाही.

पुढील पर्वात एखाद्या कुटुंबाने आपल्या तालुक्यातील आरोग्य केंद्रास काही देण्याचे योजिले, तर वस्तूच्या बिलाबरोबर पुढील पाच वर्षांच्या देखभालीची पावतीही फाइलमध्ये असावी. सहाव्या वर्षीच्या रात्रीही प्रसूतिगृहातील दिवा लागला, तरच ते दान पूर्ण झाले असे म्हणता येईल.