दंतमूलनाल प्रक्षालन

दंतमूलनाल प्रक्षालन : दाताच्या मुळातील पोकळी (मूलनाल) औषधी द्रावांनी धुऊन स्वच्छ व जंतुरहित करण्याची क्रिया. कीड खोलवर गेल्याने किंवा आघातामुळे दंतमज्जा (रक्तवाहिन्या व तंत्रिका असलेले आतील मऊ ऊतक) मृत होते, तेव्हा दात न काढता ही पोकळी साफ करून भरतात. या संपूर्ण उपचाराला व्यवहारात ‘रूट कॅनाल’ म्हणतात.

आवश्यकता : काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामान्य उंदरांची उघडी पडलेली मज्जा मृत होऊन मुळाच्या टोकाशी गळू झाले, जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत मात्र मज्जा जिवंत राहून तिच्यावर दंतिनाचा थर बनला. रोगाचे मूळ सूक्ष्मजंतूंत आहे, हे यावरून स्पष्ट झाले. मूलनाल सरळ नळीसारखा नसून त्याला वळणे, फाटे व अरुंद जोडफटी असतात. त्यामुळे कानशीने तो कितीही घासला, तरी त्याच्या भिंतीचा सुमारे एकतृतीयांश भाग अस्पर्शित राहू शकतो. तेथे केवळ द्रवच पोहोचू शकतो.

द्राव : सोडियम हायपोक्लोराइट हा प्रमुख द्राव होय. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन व ॲलेक्सिस कॅरेल यांनी जखमा धुण्यासाठी त्याचा सु. 0·5% द्राव प्रचारात आणला. दंतवैद्यकात तो साधारणतः 0·5 ते 6% तीव्रतेचा वापरतात. तो जंतू मारतो आणि मृत ऊतक विरघळवतो. हा दुहेरी गुण इतर द्रावांत क्वचितच आढळतो. मात्र कानशीच्या घर्षणाने भिंतीवर बसलेला दंतिनचूर्णाचा लेप त्याने पूर्णपणे निघत नाही. त्यातील खनिज भाग काढण्यासाठी कॅल्शियमाला बांधून घेणाऱ्या ईडीटीए या संयुगाचा 17% द्राव सु. एक मिनिट वापरतात. नायगॉर-ऑस्टबी यांनी 1957 मध्ये ते या क्षेत्रात आणले. क्लोरहेक्सिडीन (2%) भिंतीला चिकटून दीर्घकाळ जंतुरोधक राहते. परंतु ऊतक विरघळवीत नाही. हायपोक्लोराइटात ते मिसळल्यास तपकिरी साका बसतो, म्हणून मध्ये मूलनाल निर्जंतुक पाण्याने धुऊन कोरडा करतात.

पद्धती : पिचकारी व बारीक सुई ही रूढ साधने होत. 30 गेजची सुई सु. 0·3 मिमी. जाडीची असते. मूलनालाचे टोक हाडात बंदिस्त असल्याने तेथे हवेचा बुडबुडा अडकून द्राव पुढे सरकत नाही. म्हणून सुई टोकाच्या 1–2 मिमी. अलीकडपर्यंत नेतात व द्राव वरचेवर बदलतात. श्राव्यातीत ध्वनीने (सु. 25–30 किलोहर्ट्‌झ) कंप पावणारी बारीक तार द्रावात धरल्यास त्यात वेगवान प्रवाह निर्माण होऊन तो फाट्यांत शिरतो. काही पद्धतींत द्राव चोषणाने टोकापर्यंत खेचला जातो.

दक्षता : सुई मूलनालात घट्ट अडकली असता दाब दिल्यास हायपोक्लोराइट मुळाबाहेरील ऊतकांत जाऊन तीव्र वेदना, सूज व रक्तस्राव होतो. म्हणून सुई सैल ठेवून मंद दाबाने द्राव सोडतात. कडेला छिद्र व टोक बंद असलेली सुई अधिक सुरक्षित असते. दाताभोवती रबरी पडदा बसविल्याने द्राव घशात जात नाही व लाळेतील जंतू मूलनालात शिरत नाहीत. प्रक्षालनाने सर्वच जंतू नष्ट होतात असे नाही. त्यांची संख्या पुरेशी घटवून मूलनाल व दाताचा वरचा भाग घट्ट बंद केल्यासच मुळाभोवतालचे हाड भरून येण्यास वाव मिळतो.