गूगलला दिसेना माझा किल्ला

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणारी एक विद्यार्थिनी किल्ल्याची माहिती देणारी वेबसाइट तयार करते, असे समजा. फोटो स्वतः काढलेले, मजकूर मेहनतीने लिहिलेला. महिना उलटतो, तरी गूगलवर साइट सापडत नाही. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे एसईओचा, खरा अभ्यास इथून सुरू होतो.

आधी बघायचे ते एवढेच, की गूगलच्या सूचीत पान दाखल झाले आहे का. गूगलचा क्रॉलर एका लिंकवरून दुसरीवर जात पाने वाचतो. नव्या साइटला कुणीच लिंक दिलेली नसेल, तर तो तिथे पोचणार कसा? त्यासाठी सर्च कन्सोल या मोफत साधनात साइटची मालकी सिद्ध करून पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, द्यायची. कधी ‘रोबोट्स’ फाइलमधली एकच चुकीची ओळ क्रॉलरला दारातच अडवते. ही चूक एकदा स्वतःच्या साइटवर सापडली, की पुन्हा विसरत नाही.

मग शीर्षके. पहिल्या पानाचे शीर्षक नुसते ‘होम’ असेल, तर त्यावरून वाचकाला काय कळणार आणि यंत्राला तरी काय? ‘अजिंक्यतारा किल्ला : जाण्याची वाट, वेळ आणि नकाशा’ असे लिहिले, की दोघांनाही कळते.

मराठीत साइट करणाऱ्याला आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. पानाच्या पत्त्यात देवनागरी शब्द घातला, तर कॉपी करताना त्याची टक्केचिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ३ अक्षरांनी लिहिला जातो. त्यामुळे ‘अजिंक्यतारा’ या एका शब्दाची ९९ अक्षरे होतात! म्हणून बरेच जण पत्ता रोमन लिपीत ठेवतात आणि शीर्षक, मजकूर मराठीत.

गूगलचा जन्मही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातूनच झाला. १९९६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ‘बॅकरब’ नावाचे सर्च इंजिन तयार केले. ज्या शोधनिबंधाचा हवाला इतर अभ्यासक देतात त्याचे वजन वाढते. हाच न्याय त्यांनी वेबपानांना लावला. लिंक म्हणजे जणू शिफारस.

पुढे लिंकांचा बाजार मांडला गेला, पानांत शब्द कोंबले जाऊ लागले. गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ हे बदल आणून अशा साइट खाली ढकलल्या. पानाच्या कोडमध्ये शोधशब्द नोंदवण्याची जागा, म्हणजे कीवर्डचा मेटा टॅग, क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे तर गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. तरी तो भरण्यात आजही अनेक नवशिके वेळ घालवतात.

सर्च कन्सोलमध्ये लोकांनी काय शोधले, पान किती वेळा दिसले आणि किती जणांनी उघडले, हे १६ महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येते. समजा, त्या यादीत ‘अजिंक्यताऱ्यावर गाडी जाते का’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला आणि साइटवर त्याचे उत्तरच नाही. मग येत्या रविवारी वही घेऊन किल्ल्याची वाट धरायची आणि सोमवारी नवे पान लिहायला बसायचे.