इंग्रजी नामांचीं रूपें

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या वहींत तांबड्या शाईच्या खुणा सर्वांत अधिक कोठें दिसतात, असें कोणी विचारलें, तर बहुतेक मंडळी क्रियापदाकडे बोट दाखवितील. भंडारा जिल्ह्यांतील शाळांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाचा अनुभव थोडा निराळा आहे. क्रियापद चुकलें कीं मुलाला स्वतःलाच कांहीं तरी खटकतें. नाम चुकलें तर खटकत नाहीं. 'फर्निचर्स', 'ॲडव्हाइसेस', 'हेअर्स' हे शब्द तो निःशंक मनानें लिहितो आणि तांबडी खूण पाहून बुचकळ्यांत पडतो. घरांतील वडील माणसें "एवढें साधें नाम येत नाहीं?" म्हणून रागें भरतात, आणि इंग्रजी आपल्या नशिबीं नाहीं, ही समजूत पोराच्या मनांत घर करते. महाराष्ट्रांत सन २००० पासून मराठी शाळांतूनही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवितात. त्यामुळें ही गोष्ट आतां प्रत्येक घराची झाली आहे. यांतील बहुतेक चुका बुद्धीच्या मांद्यामुळें होत नाहींत, मुलाच्या मनांत मुरलेल्या मराठी व्याकरणामुळें होतात, आणि म्हणूनच त्या समजून घेतल्या तर सुधारतां येतात, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्राचीन काळीं यास्कानें शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार वर्ग कल्पिले. पुढें १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध झालें, त्यांत इंग्रजी व्याकरणाची धाटणी पुष्कळशी उतरली. १९११ सालीं मोरो केशव दामले यांनीं आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त या सर्व मांडणीची कसून चिकित्सा केली. या परंपरेचा एक परिणाम असा झाला कीं, दोन्ही भाषांच्या नामांना लिंग, वचन व विभक्ति हींच तीन नांवें लागलीं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या सारख्या, परंतु आंतील जिन्नस वेगळे, अशी ही स्थिति आहे. तेव्हां एकेक डबा उघडून पाहूं.

पहिला डबा लिंगाचा. मराठींत प्रत्येक नामाला लिंग आहे. भिंत ती, दरवाजा तो आणि छप्पर तें. एका घराचे तीन भाग, पण लिंगें तीन. विशेषण आणि क्रियापदही त्या लिंगाप्रमाणें फिरतात. इंग्रजींत निर्जीव वस्तूंना सामान्यतः 'इट्' हें एकच सर्वनाम पुरतें, आणि विशेषण तर मुळींच बदलत नाहीं. जहाजाला 'शी' म्हणण्याची खलाशांची जुनी रीत हा लाडाचा अपवाद होय. यावरून इंग्रजी ही जन्मतःच सुटसुटीत भाषा आहे असें मात्र समजूं नये. सुमारें एक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजींत मराठीप्रमाणेंच तीन लिंगें होतीं. त्या काळीं सूर्यवाचक शब्द स्त्रीलिंगी व चंद्रवाचक शब्द पुल्लिंगी होता; आणि आजच्या 'वाइफ'चा पूर्वज, ज्याचा अर्थ स्त्री असा होता, तो चक्क नपुंसकलिंगी होता! हें ऐकून हंसूं येईल; पण आपल्या संस्कृतांत तरी काय आहे? पत्नी या अर्थाचा 'दार' शब्द पुल्लिंगी व नित्य बहुवचनी, आणि त्याच अर्थाचा 'कलत्र' शब्द नपुंसकलिंगी. व्याकरणांतील लिंग आणि सृष्टींतील लिंग हीं दोन वेगळीं आहेत, हें यावरून ध्यानांत यावें.

दुसरा डबा वचनाचा. इंग्रजी अनेकवचनाचा सर्वसाधारण प्रत्यय 'एस्' हा आहे, हें दुसरींतील मूलही सांगतें. परंतु लिहिण्यांत एकच दिसणारा हा प्रत्यय उच्चारांत तीन प्रकारचा आहे. 'कॅट्स'मध्यें तो 'स' आहे, 'डॉग्ज'मध्यें 'झ'सारखा आहे, आणि 'बसेस'मध्यें त्याच्या आधीं एक स्वर येतो. शेवटचा वर्ण कठोर असेल तर प्रत्यय कठोर, मृदु असेल तर मृदु, आणि शेवटीं सकारासारखा ऊष्म ध्वनि असेल तर मध्यें स्वर, असा हा नियम आहे. संस्कृत संधि शिकलेल्या माणसाला यांत नवल वाटूं नये. शेजारच्या वर्णाचा गुण लागणें हा सर्वच भाषांचा स्वभाव आहे.

मग 'फूट'चें 'फीट' आणि 'गूस'चें 'गीस' कां होतें? फार प्राचीन काळीं या शब्दांच्या अनेकवचनीं प्रत्ययांत 'इ'सारखा स्वर होता. त्या येऊं घातलेल्या स्वराच्या ओढीनें शब्दांतील आधींचा स्वर बदलला. पुढें प्रत्यय झडून गेला आणि बदललेला स्वर तेवढा मागें राहिला. 'ऑक्सन' आणि 'चिल्ड्रेन' यांच्या शेवटचा नकार हाही अशाच एका जुन्या अनेकवचनी प्रत्ययाचा अवशेष आहे. तेव्हां हे अपवाद म्हणजे लहरीपणा नव्हे, जुन्या नियमांचीं पडकीं देवळें आहेत.

येथें एक गंमत सांगतों. 'गूस'चें 'गीस' होतें, म्हणून 'मंगूस'चें 'मंगीस' होईल, असा तर्क वर्गांतील एखादा हुशार विद्यार्थी हमखास करतो. तर्क सुंदर आहे, पण रूप 'मंगूसेस' असेंच होतें. कारण या शब्दाचा 'गूस'शीं कांहीं संबंध नाहीं. तो आपल्या मराठीतला 'मुंगूस' आहे! सतराव्या शतकांत तो इंग्रजींत गेला, तोंवर स्वर बदलण्याची ती जुनी रीत कधींच बंद पडली होती. नवीन पाहुण्याला इंग्रजीनें आपला चालू प्रत्यय लावला, इतकेंच.

आतां सर्वांत अवघड गांठीकडे वळूं. ती म्हणजे मोजतां येणारीं व न येणारीं नामें. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा. शेतांत उभें असतें तें धान, भरडल्यावर तांदूळ, आणि शिजला कीं भात. पुण्याकडे उभ्या पिकालाही भातच म्हणतात. आमच्याकडे तिन्ही अवस्थांना तीन नांवें आहेत. इंग्रज मात्र तांदळाला आणि भाताला एकच 'राइस' शब्द वापरतो. शेतांतील पिकाला 'पॅडी' म्हणतो, तोही मलायी भाषेंतून घेतलेला. हा झाला शब्दांच्या संख्येचा फरक. वचनाचा फरक याहून सूक्ष्म आहे. आपल्या घरांतील बाई म्हणते, "तांदूळ निवडले," "गहू दळून आणले," "पोहे भिजविले." येथें तांदूळ, गहू, पोहे हीं सर्व अनेकवचनें आहेत, कारण मराठी मनाला दाणे दिसतात. इंग्रजी मनाला रास दिसते; म्हणून 'राइस' व 'व्हीट' हीं एकवचनी रूपांतच राहतात, त्यांना 'एस्' लागत नाहीं, आणि मागें 'अ' हें उपपदही येत नाहीं. दाणाच मोजावयाचा असेल तर 'अ ग्रेन ऑफ राइस' म्हणावें लागतें. केसांचेंही तसेंच. "केस पिकले" हें आपलें अनेकवचन; डोक्यावरच्या सर्व केसांना मिळून इंग्रजींत 'हेअर' हें एकवचन. आपण दोन पाव आणतों. इंग्रज 'टू लोव्ह्ज ऑफ ब्रेड' आणतो. मग 'हेअर्स' किंवा 'टू ब्रेड्स' लिहिणारा मुलगा काय करीत असतो? तो मराठीचा नियम अगदीं अचूक पाळीत असतो. फक्त चुकीच्या दारांत.

यावर उपायही मराठींतच आहे. आपल्याकडे न मोजतां येणारीं नामें नाहींत असें थोडेंच आहे? आपण 'दोन माहित्या' म्हणत नाहीं, 'चार सामानें' म्हणत नाहीं. मुलाला सांगावें कीं, 'इन्फर्मेशन' म्हणजे माहिती, तिला जसें अनेकवचन नाहीं तसें यालाही नाहीं. 'फर्निचर' म्हणजे घरांतील सामान, त्याची रीत तीच. 'ॲडव्हाइस'च्या बाबतींत मात्र सावध करावें, कारण आपण 'दोन सल्ले' देऊं शकतों आणि इंग्रज देऊं शकत नाहीं. उलट 'न्यूज'च्या शेवटीं 'एस्' दिसतो, तरी क्रियापद 'इज्' हेंच येतें. नवीन नाम शिकवितांना त्याच्या अर्थाबरोबर हें गणतीचें लक्षणही सांगावें. पाटी कोरी असतांना काढलेलें अक्षर पुढें पुसावें लागत नाहीं.

तिसरा डबा विभक्तीचा. मराठी नामाला प्रत्यय लागण्यापूर्वीं त्याचें सामान्यरूप होतें: घोडा, पण घोड्याला, तांदूळ, पण तांदळांत. इंग्रजी नाम असें वितळत नाहीं. जुन्या इंग्रजींत विभक्तींचे प्रत्यय होते, पण ते झिजून गेले आणि नामाजवळ षष्ठीचा तेवढा एक 'एस्' उरला. हा 'एस्' आणि आपला 'चा' यांत मोठा भेद आहे. मुलाचा घोडा, मुलाची गाय, मुलाचें घर. आपला प्रत्यय पुढच्या नामाचें लिंग पाहून वेष बदलतो. इंग्रजी 'बॉइज्' हा शब्द घोडा, गाय, घर या तिघांपुढेंही तसाच उभा राहतो. बाकी विभक्तींचें काम शब्दांच्या जागेवर आलें. "वाघानें माणसाला मारलें" आणि "माणसाला वाघानें मारलें" यांत अर्थ एकच राहतो, कारण कर्ता व कर्म आपापला बिल्ला लावून हिंडतात. इंग्रजींत 'टायगर' आणि 'मॅन' यांची अदलाबदल केली तर मेलेला जिवंत होतो आणि मारणारा मरतो! म्हणून इंग्रजी वाक्यांत नामाचें स्थान हीच त्याची विभक्ति, हें मुलाच्या मनावर पहिल्यापासून ठसवावें.

आपण इंग्रजी नामें घेतों तेव्हां आपणही त्यांना आपल्या घराचे नियम लावतों. गाडी स्त्रीलिंगी म्हणून 'बस' स्त्रीलिंगी झाली. 'बँक' शब्दाचें 'बँका' व 'बँकेंत' झालें. 'कॅमेरा' घोड्याप्रमाणें चालूं लागला व त्याचें 'कॅमेरे' आणि 'कॅमेऱ्यांत' झालें. शिकलेला मनुष्य 'माझें पेन' म्हणतो, आणि हिंदीच्या शेजारामुळें आमच्या बाजूला 'माझा पेन'ही ऐकूं येतें. कारण हिंदींत नपुंसकलिंगच नाहीं. हें सर्व बाजारांत, आगगाडींत, चुलीपुढें, कोणी न शिकवितां होतें. ज्या मुलाचें मन 'कॅमेऱ्यांत' असें निर्दोष सामान्यरूप स्वतः घडवितें, त्याला व्याकरण येत नाहीं असें कोण म्हणेल? त्याला एक व्याकरण उत्तम येतें. दुसरें यावयाचें आहे.

तेव्हां घरोघरच्या आईबापांस माझी विनंती एवढीच आहे. मुलाची वही पाहतांना नामाच्या चुकीपाशीं थांबावें आणि तीन प्रश्न विचारावे: हा शब्द इंग्रजींत मोजतात काय? याचें मराठी रूप कोणत्या वचनांत आहे? आणि वाक्यांत हा कोणत्या जागीं बसला आहे? पुष्कळदां उत्तर देतां देतां मूल स्वतःच आपली चूक सुधारतें. तांबडी शाई चूक दाखविते, पण तिचें कारण दाखवीत नाहीं. तें काम घरच्या माणसांना करतां येतें, आणि त्यासाठीं मोठ्या पदवीची आवश्यकता नाहीं. आपली मातृभाषा डोळे उघडे ठेवून बोलली म्हणजे पुरें.