साठ लाख रुपये आणि न विचारलेला प्रश्न

बँकेतून मोठी रक्कम रोख काढावयास गेलेल्या खातेदाराला अलीकडे काही प्रश्नांना तोंड द्यावे लागते. एवढी रोकड कशासाठी हवी? ती कोणाला द्यावयाची आहे? धनादेशाने किंवा खात्यातून खात्यात पैसे पाठविणे शक्य नाही काय? पैसा आपला, घाम आपला आणि जाब विचारणार बँक, असे वाटून पुष्कळ खातेदार चिडतात. ही चीड समजण्यासारखी आहे. परंतु हा प्रश्न कोठून आला, तो कोणाच्या हिताचा आहे आणि त्याला मर्यादा कोणत्या, हे पाहिल्यावाचून त्याविषयी मत बनविणे योग्य होणार नाही.

प्रथम पैसा कोणाचा हे पाहू. इंग्लंडच्या उमराव सभेने १८४८ साली ‘फोली विरुद्ध हिल’ या खटल्यात असा निर्णय दिला की, बँकेत ठेवलेली रक्कम ही पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखी अनामत नसते. ती बँकेची होते आणि बँक खातेदाराची ऋणको बनते. भारतातील बँकव्यवहाराचा कायदाही याच विचारावर उभा आहे. ऋणकोने मागताक्षणी पैसे द्यावेत ही अपेक्षा रास्तच होय. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या ३१ व्या कलमानुसार, खात्यात पुरेशी रक्कम असेल आणि धनादेश रीतसर सादर केला असेल, तर बँकेने तो वटविलाच पाहिजे. न वटविल्यास होणाऱ्या नुकसानीची भरपाई केली पाहिजे. मात्र त्याच कायद्याच्या १० व्या कलमात दुसरी बाजू सांगितली आहे. पैसे सद्‌भावनेने आणि हयगय न करता दिलेले असतील, तरच ते रीतसर दिले असे मानता येते. म्हणजे देण्याचे बंधन जितके खरे, तितकेच पाहून देण्याचेही बंधन खरे. रोखपालाच्या प्रश्नाचे मूळ या दुसऱ्या बंधनात आहे.

संसद मार्गावरील घटना

हा प्रश्न न विचारल्यास काय होते, याचे भारतातील सर्वांत गाजलेले उदाहरण राजधानी दिल्लीत घडले. २४ मे १९७१ रोजी दुपारच्या सुमारास स्टेट बँक ऑफ इंडियाच्या संसद मार्ग शाखेतील मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने आपण पंतप्रधानांचे सचिव पी. एन. हक्सर असल्याचे सांगितले. पाठोपाठ एका स्त्रीचा आवाज ऐकू आला. तो पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांचा असल्याचे मल्होत्रा यांना वाटले. बांगलादेशाच्या एका अत्यंत गुप्त कामासाठी साठ लाख रुपये तातडीने हवे आहेत, ते घेण्यास एक माणूस येईल, त्याची ओळख सांकेतिक शब्दांनी पटेल आणि पावती मागाहून मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. येणारा माणूस स्वतःला ‘बांगलादेश का बाबू’ म्हणवील आणि मल्होत्रा यांनी ‘बार अ‍ॅट लॉ’ असे उत्तर द्यावे, अशी ती खूण होती.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात दडपशाही सुरू झाली होती आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. अशा वेळी सरकारला गुप्तपणे पैशाची गरज पडणे अशक्य वाटत नव्हते. दोनच वर्षांपूर्वी, १९ जुलै १९६९ रोजी, चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि स्टेट बँक तर १९५५ पासूनच सार्वजनिक क्षेत्रात होती. सरकारचा शब्द बँकेच्या कर्मचाऱ्यावर किती वजन टाकत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

मल्होत्रा यांनी सहकाऱ्यांकडून रक्कम काढविली आणि बँकेच्या मोटारीतून ती स्वतः नेली. ठरलेल्या जागी त्यांना जो माणूस भेटला, त्याचे नाव रुस्तम सोहराब नगरवाला. वाटेत उतरून नगरवालाने पैशासह टॅक्सी धरली आणि पावतीसाठी पंतप्रधानांच्या निवासस्थानी जाण्यास मल्होत्रा यांना सांगितले. तेथे पंतप्रधान नव्हत्या. मल्होत्रा संसदेत गेले व हक्सर यांना भेटले, तेव्हा असा कोणताही दूरध्वनी केला गेला नव्हता असे त्यांना कळले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मल्होत्रा बाहेर असतानाच बँकेत त्यांच्या हाताखालच्या लोकांना चैन पडत नव्हते. साठ लाख रुपये गेले, पण त्यांचे व्हाउचर कोठे आहे? त्यांनी मल्होत्रा यांच्याकडे व्हाउचर मागितले होते आणि ते मागाहून मिळेल असे उत्तर त्यांना मिळाले होते. वेळ जाऊ लागला, कागद येईना, तेव्हा बँकेच्या वतीने पोलिसांकडे तक्रार करण्यात आली. पोलिसांनी चक्रे फिरविली आणि त्याच दिवशी नगरवाला पकडला गेला. जवळजवळ सर्व रक्कमही हाती लागली. वरिष्ठाने जो प्रश्न विचारला नाही, तो कनिष्ठांनी विचारला, आणि चोरी एका दिवसात उघडकीस येण्यास त्याचे साहाय्य झाले.

पुढचा इतिहास अधिक विचित्र आहे. नगरवालाने गुन्हा कबूल केला आणि तीनच दिवसांत, २७ मे १९७१ रोजी, त्याला चार वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. नंतर त्याने खटला पुन्हा चालविण्याची मागणी केली. प्रकरणाचा तपास केलेले पोलीस अधिकारी डी. के. कश्यप हे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये रस्त्यावरील अपघातात मरण पावले, आणि मार्च १९७२ मध्ये कैदेत असलेल्या नगरवालाचाही रुग्णालयात मृत्यू झाला. मल्होत्रा यांना बँकेने नोकरीतून काढून टाकले. १९७७ साली सत्तेवर आलेल्या जनता सरकारने न्यायमूर्ती पी. जगन्मोहन रेड्डी यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचा अहवाल आला, तरी सर्व शंका मिटल्या नाहीत. केवळ एका दूरध्वनीवर एवढी रक्कम कशी दिली गेली, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो.

कागद कशासाठी?

बँकेच्या दैनंदिन व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर फार साधे आहे: ती तशी दिली जाऊ नये यासाठीच तर कागद असतो. धनादेश किंवा पैसे काढण्याची स्लिप ही खातेदाराची लेखी आज्ञा होय. तिच्यावरील सही नमुना-सहीशी ताडून पाहिली जाते, खात्यातील शिल्लक तपासली जाते, आणि मोठ्या रकमेला वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुख्य तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, यासाठी की एकट्याला ती उघडता येऊ नये. या सर्व पद्धतीत कोणावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नाही. एका माणसाचा मोह, भीती किंवा भाबडेपणा यांमुळे सर्वांचे नुकसान होऊ नये, एवढाच तिचा उद्देश.

संसद मार्गावर नियमांची उणीव नव्हती. नियम मोठ्या नावापुढे वाकला, एवढेच घडले. नगरवालाने तिजोरी फोडली नाही, खोटी सही केली नाही. त्याने एवढेच ओळखले होते की, अधिकाराचा आवाज, घाई आणि गुप्तता ही तीन साधने एकत्र आली म्हणजे अनुभवी माणूसही प्रश्न विचारण्यास कचरतो. शंभराच्या नोटांत मोजली तर ती रक्कम साठ हजार नोटांची होते. ती बाहेर काढण्यास हत्यार लागले नाही, फक्त आवाज लागला.

प्रश्नाचे बदललेले रूप

नगरवाला प्रकरणापर्यंत बँकेचा प्रश्न मुख्यतः ‘मागणारा खरा आहे काय?’ एवढाच होता. पुढील दशकांत त्यात ‘पैसा कोठून आला आणि कोठे चालला?’ या दुसऱ्या प्रश्नाची भर पडली. अमेरिकेत १९७० सालच्या बँक गुप्तता कायद्याखाली दहा हजार डॉलरांहून अधिक रोख व्यवहाराची माहिती सरकारला कळविणे बँकांवर बंधनकारक झाले. तेव्हा काही लोक मोठ्या रकमेचे लहान लहान तुकडे करू लागले. म्हणून १९८६ साली असे तुकडे पाडणे हाच तेथे गुन्हा ठरविण्यात आला.

भारतात ही व्यवस्था २००२ च्या धनशोधन प्रतिबंध कायद्याने आली. गुन्ह्यातून मिळालेल्या पैशाला अनेक व्यवहारांतून फिरवून सरळ कमाईचे रूप देणे म्हणजे धनशोधन. हा कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार दहा लाख रुपयांहून अधिक रकमेचे रोख व्यवहार, तसेच एका महिन्यात परस्परांशी निगडित असलेले व एकूण त्याहून अधिक होणारे लहान व्यवहार, नवी दिल्लीतील ‘फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट’ या २००४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कार्यालयाला कळवावे लागतात. संशयास्पद वाटणारा व्यवहार तर रक्कम कितीही असली तरी कळवावयाचा असतो. पैसे भरणे आणि काढणे या दोहोंना हे लागू आहे. अशी नोंद जाणे म्हणजे आरोप नव्हे, हे मात्र खातेदाराने समजून घ्यावे. प्रामाणिक व्यापाऱ्याच्या व्यवहाराचीही नोंद जाते आणि बहुधा त्याला तिचा काहीच उपद्रव होत नाही.

प्रश्न विचारणे कोठवर जाऊ शकते, हे ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर दिसून आले. पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा चलनातून काढल्यावर खात्यातून पैसे काढण्यावर मर्यादा आल्या. लग्नासाठी अडीच लाख रुपयांपर्यंत काढण्याची सवलत मिळाली, परंतु त्यासाठी लग्नपत्रिका, कार्यालयाला दिलेल्या आगाऊ रकमेच्या पावत्या आणि ज्यांना रोख द्यावयाचे त्यांची यादी बँकेला दाखवावी लागे. ज्या संसद मार्गावर १९७१ साली साठ लाख रुपये एका दूरध्वनीवर बाहेर गेले, त्याच मार्गावरील रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयासमोर २०१६ साली सामान्य माणसे स्वतःच्या थोड्याशा पैशासाठी रांगेत उभी होती. एकीकडे मोठ्याला काहीच न विचारणे आणि दुसरीकडे लहानाला सर्व काही विचारणे, ही दोन्ही टोके एकाच रस्त्याने पाहिली.

पुन्हा तोच आवाज

आजच्या फसवणुकीकडे पाहिले म्हणजे नगरवालाची तीन साधने जुनी झालेली नाहीत हे ध्यानी येते. गेल्या काही वर्षांत दिल्ली व भोवतालच्या शहरांत ‘डिजिटल अटक’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार बोकाळला आहे. पोलीस, तपास यंत्रणा किंवा न्यायालय यांच्या नावाने दूरध्वनी येतो. तुम्ही गुन्ह्यात अडकला आहात, कोणाला सांगू नका, पैसे तपासणीसाठी ताबडतोब पाठवा, असे सांगितले जाते. बहुधा रोकड न मागता खात्यातून खात्यात रक्कम वळती करावयास लावतात, आणि कित्येकदा घाबरलेला खातेदार त्यासाठी स्वतः शाखेत जातो. भारतीय कायद्यात दूरध्वनीवरून करावयाची अशी अटक मुळी अस्तित्वातच नाही. २०२५ साली दिल्लीतील एका वृद्ध खातेदाराचे सुमारे तेवीस कोटी रुपये अशा रीतीने गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची आपण होऊन दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

१९७१ मध्ये फसला तो रोखपाल. आज फसतो तो खातेदार. त्यामुळे रोखपालाच्या प्रश्नाला नवा अर्थ आला आहे. फसवणुकीच्या साखळीत पैसे जाण्यापूर्वी खातेदाराची ज्याच्याशी समोरासमोर गाठ पडते, असा बहुधा तो शेवटचा माणूस असतो. इंग्लंडमध्ये २०१६ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि २०१८ पर्यंत देशभर पसरलेल्या एका योजनेत, खातेदार कोणाच्या दडपणाखाली मोठी रक्कम काढीत असल्याचा संशय आल्यास बँकेचे कर्मचारी थेट पोलिसांना बोलावितात. तरीही तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ‘फिलिप विरुद्ध बार्कलेज बँक’ या खटल्यात स्पष्ट केले की, खातेदाराने स्वतःच निःसंदिग्ध आज्ञा दिली असेल, तर ती पाळणे हे बँकेचे मूळ कर्तव्य होय. बँकेने सावध करावे. पण खातेदाराच्या वतीने निर्णय घेण्याचा सर्वाधिकार तिला मिळत नाही.

मर्यादेची रेषा येथेच आखावी लागते. बँकेने ओळख पडताळावी, हेतू सभ्यपणे विचारावा, शंका आल्यास खातेदाराला एकांतात नेऊन धोक्याची कल्पना द्यावी. शाखेत रोकड मर्यादित असल्याने मोठ्या रकमेची पूर्वसूचना मागणेही गैर नाही. मात्र रांगेसमोर मोठ्याने चौकशी करणे, कारण पसंत नाही म्हणून पैसे अडवून धरणे, किंवा वजनदार खातेदाराला सोडून गरिबालाच छेडणे, हा प्रश्नाचा दुरुपयोग होय. खातेदारानेही थोडक्यात खरे उत्तर द्यावे, संबंधित कागद जवळ ठेवावेत आणि विनाकारण अडवणूक झाल्यास लेखी कारण मागावे. आणि पलीकडच्या आवाजाने ‘बँकेत काही विचारले तर खोटे सांगा’ असे बजावले असेल, तर ती फसवणुकीची पक्की खूण समजून तेथेच थांबावे.

साठ लाखांचे प्रकरण घडले ते एका माणसाने पदाला घाबरून पद्धत सोडली म्हणून, आणि उघडकीस येण्यास हातभार लागला तो काही माणसांनी पदाला न घाबरता व्हाउचर मागितले म्हणून. पंतप्रधानांच्या नावाने आलेल्या मागणीला आणि पेन्शनीच्या पैशासाठी आलेल्या वृद्धेला एकच प्रश्न, एकाच सौजन्याने विचारला जाईल, तेव्हाच त्या प्रश्नाचा कोणाला अपमान वाटणार नाही.