ठिपक्यांच्या पानांचा भारतीय जन्मदाखला

दक्षिण आफ्रिकेतल्या डोंगरांवरून कोनोफायटम, क्लिव्हियासारखी रोपं खणून नेणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आता सवयीच्या झाल्यात. हौशी संग्राहकांच्या त्याच दुनियेत लेडेबुरिया या कंदवाल्या वनस्पतींचाही बोलबाला आहे. फुलं हिरवट-जांभळी, इवलीशी. मोल आहे ते पानांना. रोपवाटिकांत हमखास मिळणारी लेडेबुरिया सोशियालिस मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या पूर्व केप प्रांताची. चंदेरी पानावर गडद हिरवे ठिपके, पान उलटलं की जांभळी पाठ. जांभळट कंद मातीवर डोकं काढून बसतात आणि लाडाने रोज पाणी घातलं की कुजतात.

ठिपके कशासाठी? चरणाऱ्या जनावरांना चकवण्यासाठी, असं एक उत्तर दिलं जातं. मला ते जरा सोयीचं वाटतं. लेडेबुरिया रिव्होल्यूटामध्ये ठिपक्यांची झाडं सापडतात, तशी बिनठिपक्यांचीही. आणि ठिपकेवाली सावलीत ठेवली की डाग फिके पडतात. निदान कुंडीत तरी ऊन हाच खरा रंगारी.

एवढ्या ‘आफ्रिकन’ कौतुकात एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. लेडेबुरिया या वंशाची नोंद झाली ती भारतातल्या झाडावरून! ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेल्या बेंजामिन हायने यांनी दक्षिण भारतात गोळा केलेले वाळवलेले नमुने जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट रोट यांच्याकडे पोचले. भारतात कधी पाऊलही न टाकलेल्या रोट यांनी त्यांवरून १८२१ मध्ये हा वंश जाहीर केला आणि त्याला नाव दिलं कार्ल फॉन लेडेबूर यांचं. म्हणजे सायबेरियातला अल्ताय पर्वत पालथा घालणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं. पुढे या वनस्पती बराच काळ सिल्ला वंशात जमा होत्या. १९७० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जेसप यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रजातींचा अभ्यास करून लेडेबुरिया हा वंश पुन्हा वेगळा काढला. बहुतेक प्रजाती आफ्रिकेतल्याच, हे खरं; पण जन्मदाखल्यावर पत्ता आपलाच.

त्यातली रिव्होल्यूटा महाराष्ट्रातही उगवते. पावसाच्या सुरुवातीला माळरानावर, कातळाच्या फटीत जमिनीलगत तिची पानं दिसतात. पानाचं टोक मातीला टेकलं, तर तिथूनही नवं रोप फुटू शकतं. उन्हाळ्यात वर काहीच नसतं, म्हणून माळ ‘पडीक’ ठरतो आणि जेसीबी फिरतो.

ती दिसली तर फोटो काढा, कंद उपटू नका. ठिपक्यांची पानं घरात हवीच असतील, तर सोशियालिस आणा. तिला बाजूने भरपूर पिल्लं येतात. ज्याच्याकडे कुंडी आहे, तो मागितल्यावर दोन कंद सहज देईल.